स्पर्धा लावू, पण आपल्याच गेल्या वर्षाच्या बिलाशी

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला बोलायला सांगितले, विषयही समितीनेच दिला. आपल्या वसाहतीतल्या घरांनी विजेची बचत करावी म्हणून विहाराने एक खेळीमेळीची स्पर्धा ठेवावी काय, आणि ठेवली तर कशी ठेवावी, असा तो विषय आहे. मी काही इंजिनिअर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तीस वर्षे काढलेला कामगार आहे. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत शिकलो. पण गिरणी कामगाराला विजेची किंमत कळते. वीज गेली की पहिल्यांदा चात्या थांबतात आणि मग आपली हजेरी थांबते.

समितीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका भगिनीने मला सरळ विचारले, "दादा, आमच्या घरात दोन दिवे, एक पंखा न् एक टीव्ही. आम्ही काय वाचवायचं? ज्यांच्या बंगल्यात चार-चार एसी हायेत त्यांना सांगा की!" हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. आधी त्याचेच उत्तर द्यायला पाहिजे, नाहीतर या स्पर्धेला काही अर्थ नाही.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण दर जयंतीला ऐकतो. पण विजेचे खातेही त्यांच्याच अखत्यारीत होते, हे आपण फारसे सांगत नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज आणि सार्वजनिक बांधकामाच्या धोरण समितीपुढे त्यांनी अध्यक्ष म्हणून भाषण केले. ते महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहे, जरूर वाचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, देशाचे दारिद्र्य हटवायचे तर उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योगासाठी वीज स्वस्त पाहिजे, भरपूर पाहिजे. पुढे १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. म्हणजे ज्या माणसाने लहानपणी परळच्या चाळीतल्या खोलीत रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर अभ्यास केला, त्यानेच पुढे देशाच्या विजेची आखणी केली.

तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गरिबाने वीज वापरू नये, असे आपल्याला कोणाला सांगायचे नाही. उलट आपल्याला वीज मिळाली पाहिजे, पोराच्या पुस्तकावर उजेड पडला पाहिजे, हा आपला हक्क आहे. आपल्याला वाचवायची आहे ती कुणाच्याच उपयोगाला न येता जाणारी वीज. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा, कोणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही. त्याचा उजेड कोणाला नाही, वारा कोणाला नाही, पण पैसे मात्र आपल्या खिशातून जातात.

हे आपल्या धम्माला धरूनच आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, दुकान घालणार काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटून देणार. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. आच्छादने जुनी झाली की जमिनीवर अंथरू, तीही झिजली की पायपुसणी करू, मग झाडझटक करायची फडकी, आणि अगदी शेवटी चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. यात कंजूषपणा कुठे आहे? आनंदांनी वस्त्र पेटीत दडवून ठेवले नाही, सगळे वापरले. फक्त एक धागा वाया घालवला नाही. विजेचेही आपल्याला असेच करायचे आहे.

आता पैशाचे बघू. घरगुती बिलाचे टप्पे असतात. पहिली शंभर युनिटे एका दराने, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसऱ्या दराने, आणि असेच वर. एकशे एकाव्या युनिटला दर एकदम चढतो. म्हणून ज्या घराची महिन्याला ११२ युनिटे होतात, त्याला वरची बारा युनिटे फार महाग पडतात. आपल्या वसाहतीतली किती तरी घरे या शंभराच्या काठावर उभी आहेत. त्यांनी पंधरा युनिटे वाचवली तर त्यातली बारा महागाची वाचतात. एक खरे सांगून ठेवतो, बिलात स्थिर आकार असतो तो काही कमी होत नाही. म्हणून युनिटे दहा टक्के घटली तर बिल अगदी त्याच प्रमाणात घटेल असे समजू नका. पण फरक नक्की दिसेल.

आता स्पर्धेकडे येतो. स्पर्धा म्हटली की मला भीतीही वाटते. मी काम केलेल्या एका गिरणीत पाळ्यांची स्पर्धा होती. कुठल्या पाळीने किती उत्पादन काढले, ते फळ्यावर लिहायचे. पहिले दोन महिने मजा आली. मग काय झाले? एक पाळी पुढच्या पाळीसाठी मशीन साफ न करताच जायला लागली. रिकाम्या बॉबिनी लपवायला लागले. एकाच ताटात जेवणारे कामगार एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. फळ्यावरचा आकडा वाढला आणि माणुसकी कमी झाली. आपल्या वसाहतीत असे होता कामा नये.

आणखी एक उदाहरण वाचलेले सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात काही घरांवर एक प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक घराला चिठ्ठी दिली की तुमचा वापर इतका आणि शेजारपाजारची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण जे आधीच कमी वापरत होते, त्यांनी वाढवला! त्यांना वाटले असेल, सगळेच वापरतात तर आपण का कमी वापरायचे? मग काही चिठ्ठ्यांवर कमी वापरणाऱ्यांसाठी नुसते एक हसऱ्या चेहऱ्याचे चित्र काढले, म्हणजे शाबासकी. तर त्यांचा वापर वाढायचा थांबला. यात आपल्याला शिकण्यासारखे हेच की, जो आधीच काटकसरीने राहतो त्याचे कौतुक आधी करावे.

म्हणून माझी सूचना अशी की, स्पर्धा शेजाऱ्याशी नको, प्रत्येक घराची स्पर्धा आपल्याच गेल्या वर्षाशी असावी. सहा माणसांच्या घराची आणि दोघा म्हाताऱ्यांच्या घराची बरोबरी कशी करणार? पण आपले गेल्या वर्षीचे बिल आणि यंदाचे बिल, ही बरोबरी न्यायाची आहे. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघा. जुनी बिले असतील तर जपून ठेवा.

काळ वर्षावासाचा धरावा, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत. तेव्हा आपण रोज ग्रंथवाचनाला विहारात जमतोच. पावसाळ्यात पंखे कमी चालतात हे खरे, पण तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी असल्यामुळे हरकत नाही. हिशेब सोपा आहे. समजा गेल्या वर्षी तीन महिन्यांची युनिटे ११०, १०५ आणि ११२ होती, एकूण ३२७. यंदा ९६, ९४ आणि ९८ झाली, एकूण २८८. वाचली ३९. म्हणजे जवळजवळ बारा टक्के. बिल रुपयांत मोजायचे नाही, दर बदलतात. युनिटेच मोजायची. सरासरीचे बिल आले तर आपल्या मुलांनी मीटरवरचे रीडिंग लिहून आणावे. पोरांना मीटर वाचता आला पाहिजे. शेवटची बिले हातात आली की कार्तिक पौर्णिमेला निकाल.

नियम चार असावेत. पहिला, ज्या घराचा वापर महिन्याला पन्नास युनिटांच्या आत आहे, त्याला कमी करायला सांगायचे नाही. ते मानाचे घर. दुसरा, विद्यार्थ्याचा दिवा आणि आजाऱ्याचा, बाळंतिणीचा पंखा यांना हात लावायचा नाही. पोर अंधारात बसवून नंबर काढला तर ते घर बाद. तिसरा, घरात पाहुणा राहिला, लग्न निघाले, बाळ जन्मले, तर समितीला सांगावे, तो महिना सोडून द्यावा. चौथा, बचतीचा भार एकट्या बाईवर टाकायचा नाही. बाईने अंधारात भाकऱ्या थापायच्या आणि पुरुषाने टीव्हीसमोर झोपायचे, याला बचत म्हणत नाहीत.

आता वाचवायचे कुठे, ते आकड्यात सांगतो. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. जुना साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिटे खातो. नऊ वॅटचा एलईडी त्याच वेळात दीड युनिटसुद्धा खात नाही. जुना पंखा पंच्याहत्तर वॅटचा. रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिटे. नवा बीएलडीसी पंखा अठ्ठावीस-तीस वॅटचा, त्याच्या निम्म्याहूनही कमी. तो महाग आहे, मान्य. पण जो पंखा सगळ्यात जास्त फिरतो तो एकच आधी बदला. पंख्याचा जुना मोठा रेग्युलेटर वेग कमी करतो, पण वीज म्हणावी तेवढी वाचवत नाही, ती त्याच्या आत तापून जाते. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत चालूच राहतो, म्हणून भिंतीवरचे बटण बंद करा, महिन्याला चार-पाच युनिटे तिथेच सापडतील. पाण्याचा गिझर दोन हजार वॅटचा असतो, अर्धा तास चालला की एक युनिट गेले. इस्त्री रोज एकेका शर्टासाठी तापवण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एकदम करा. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, दाराचे रबर सैल झाले असेल तर बदला. आणि मोबाईलच्या चार्जरवरून घरात भांडू नका. त्यात फार थोडी वीज जाते. जिथे जास्त जाते तिथे लक्ष द्या.

हे एकट्याने होत नाही, मिळून होते, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. २००५ च्या सुमारास भारनियमनाने गावे हैराण झाली होती. तेव्हा वीज कंपनीची अक्षय प्रकाश योजना आली. गावकऱ्यांनी मिळून ठरवायचे की संध्याकाळी पंप, पिठाची गिरणी, हीटर अशी जड उपकरणे लावायची नाहीत, आणि बदल्यात गावाला घरातल्या दिव्यापुरती वीज मिळत राहायची. अनेक गावांनी ते पाळले. एकाने पाळून भागले नसते. सगळ्यांनी पाळले तेव्हाच पोरांना संध्याकाळी उजेड मिळाला.

बोलून झाल्यावर सुरुवात आपल्यापासून करायला पाहिजे. म्हणून पहिले नाव विहाराचे नोंदवावे. सभागृहातले जुने दिवे बदलू, वाचन संपल्यावर पंखे बंद करायची पाळी लावू, आणि विहाराचे बिल दर महिन्याला फळ्यावर लावू. घरांचे आकडे मात्र फळ्यावर नकोत, ते वहीत राहतील. कुणाच्या घरात किती खर्च होतो ही चव्हाट्यावर आणायची गोष्ट नाही. जयंतीची रोषणाई करू, आनंदाने करू, पण रीतसर मीटर घेऊन. आकडा टाकून केलेली रोषणाई पंचशील घेणाऱ्यांना शोभत नाही. दुसरे शील आपण रोज म्हणतो, ते विजेच्या तारेलाही लागू आहे. आणि ही वीज येते कुठून? कुठे कोयनेच्या पाण्याखाली लोकांची गावे गेली आहेत, कुठे चंद्रपूरला माणसे कोळशाच्या धुरात राहत आहेत. आपल्या बटणामागे त्यांचा वाटा आहे, हे विसरू नये.

बक्षीस म्हणून ढाल-कप नको. वर्गणीतून एक चांगला पंखा घेऊ आणि एलईडी दिवे घेऊ. पंखा पहिल्या नंबराला. दिवे मात्र पन्नास युनिटांच्या आतल्या प्रत्येक मानाच्या घराला, आणि त्या घरातल्या शिकणाऱ्या पोराच्या हातात.

नावे नोंदवायची वही आज विहाराच्या दारात ठेवली आहे. जाताना नाव लिहा, आणि गेल्या वर्षीची बिले शोधायला घरी गेल्याबरोबर लागा. 

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!