सर्दी की फ्लू? गटाच्या बैठकीतले प्रश्न



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि सोबत बडगे. गावातली रोगराई, खोकला सगळं घेऊन जा, असं आपण मारबतीला सांगतो. आणि बघा, नेमक्या त्याच दिवसांत, पाऊस सरता सरता, घरोघरी नाकं गळायला लागतात. आपल्या देशात फ्लूचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात. एकदा पावसाळ्याच्या शेवटी आणि एकदा जानेवारी ते मार्चमध्ये.

या दिवसांत आमच्या बचत गटांच्या बैठकीत दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे गैरहजेरी आणि दुसरी म्हणजे दवाखान्यासाठी अंतर्गत कर्जाची मागणी. कोणाला पाचशे पाहिजेत, कोणाला हजार. म्हणून आम्ही बायांचे प्रश्न लिहून घेतले आणि आरोग्य केंद्रातले डॉक्टर, एएनएमताई आणि आशाताई यांच्यासोबत बसून त्यांची उत्तरं समजून घेतली. तीच आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिला प्रश्न होता, "सर्दी आणि फ्लू एकच असते का?"

नाही. दोन्ही विषाणूंमुळेच होतात, पण विषाणू वेगळे. साधी सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. म्हणून एकदा सर्दी झाली म्हणजे पुन्हा होणार नाही, असं नसतं. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान लेकराला त्याहून जास्त वेळा सर्दी होऊ शकते. सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक वाहतं. ताप नसतो किंवा थोडासा असतो. माणूस कण्हतो, पण कामं करतो. आठ-दहा दिवसांत बरं वाटतं.

फ्लू एकदम येतो. सकाळी वावरात गेलेली बाई दुपारी अंथरुणात पडते. जोराचा ताप, थंडी वाजणं, डोकं ठणकणं, हातपाय मोडून आल्यासारखे दुखणं आणि कोरडा खोकला. ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो, पण खोकला आणि अशक्तपणा दोन-तीन आठवडेही राहतो.

दुसरा प्रश्न काटोल-नरखेडकडच्या बायांचा. "संत्रा खाल्ला की सर्दी होते, हे खरं का? ओल्या केसांनी झोपलं तर?"

संत्र्याने सर्दी होत नाही. थंड पाण्यानेही होत नाही आणि ओल्या केसांनीही नाही. विषाणू अंगात गेल्याशिवाय सर्दी नाही. मग थंडीत जास्त का होते? कारण थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत झोपतो. एकाने खोकललं की त्याचे बारीक थेंब सगळ्यांच्या नाकात जातात. संत्रा मात्र खुशाल खा, लेकरांनाही द्या. संत्र्याने सर्दी होत नाही, तशी ती बरीही होत नाही, पण तोंडाची चव गेलेली असताना तेवढंच पोटात जातं.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, आणि गटाच्या पैशाचाही हाच प्रश्न आहे. "ताई, सरकारी दवाखान्यात सर्दीले सुई काहून देत नाही? सलाईन लावली की लवकर ताकद येते ना?"

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक गोळ्या किंवा सुया जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. उंदराच्या पिंजऱ्यात डास सापडत नाही, तसंच ते आहे. मार्च २०२३ मध्ये देशभर एच३एन२ फ्लूचे रुग्ण वाढले होते, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेनेच डॉक्टरांना सांगितलं होतं की अशा ताप-खोकल्यात उगाच अँटिबायोटिक देऊ नका. शेंबूड पिवळा-हिरवा झाला, तरी तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. विनाकारण घेत राहिलं तर जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि उद्या न्युमोनिया झाला, बाळंतपणात जंतुसंसर्ग झाला, तर तेच औषध काम करत नाही.

आता सलाईन. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असते २५ ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे पाच चमचे. बाकी पाणी. मिठाच्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी. ज्याला उलट्या होतात, तोंडाने पाणी जात नाही, त्याचा जीव सलाईन वाचवते. पण जो चहा पिऊ शकतो, बोलू शकतो, त्याने सर्दीसाठी सलाईन लावून घेणं म्हणजे पाच चमचे साखरेसाठी दोन-तीन दिवसांची मजुरी देणं. सुई दिल्यावर बरं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळे, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप तसाही उतरणारच असतो.

मग घरी काय करायचं? आराम. पाणी, पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक, जे जाईल ते थोडं थोडं पण वारंवार. कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या. आल्याचा चहा, हळदीचं दूध प्या, घशाला आराम पडतो. मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. वाफ घेताना गंज खाली जमिनीवर ठेवून लेकराला त्यावर वाकवू नका. उकळतं पाणी सांडून लेकरं भाजतात. तापासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर आणि दिवसातून चारच्या वर नाही. दारू पिणाऱ्या किंवा लिव्हरचा आजार असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन्ही सोबत घेऊ नका. लेकरांचा डोस वजनावर ठरतो, तो आशाताईला विचारा. लेकरांना अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही.

आणि एक आपल्याच सवयीचं. आपण पदर तोंडाला लावून खोकलतो आणि त्याच पदराने लेकराचं नाक पुसतो. आजार तिथूनच जातो. खोकलताना वेगळा रुमाल घ्या, नाही तर कोपरात खोकला. शेंबूड पुसल्यावर, स्वयंपाकाआधी, लेकराला भरवण्याआधी साबणाने हात धुवा. फ्लूचा माणूस त्रास सुरू होण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्यांना आजार देऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं थांबवायचं नाही. तोंडाला रुमाल बांधा, हात धुवा आणि पाजा. दुधातून बाळाला आजाराशी लढायचं बळच मिळतं.

चौथा प्रश्न कुही-भिवापूरकडच्या मैत्रिणींचा. "मिरचीचे देठ तोडायला गेलं की दिवसभर शिंका येतात. ही सर्दी का?"

ताप नाही, अंग दुखत नाही आणि घरी आल्यावर, सुटीच्या दिवशी त्रास कमी होतो, तर ती मिरचीच्या धुळीने होणारी जळजळ आहे. त्याला सर्दीची गोळी नको, नाका-तोंडावर दुहेरी कपडा आणि मोकळी हवा पाहिजे. पऱ्हाटी जाळून स्वयंपाक करणाऱ्या बायांचा खोकलाही धुराने लांबतो. पण कोणाचाही खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर धूर म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात बेडक्याची टीबीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

पाचवा प्रश्न. "पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूच समजायचा का?"

अजिबात नाही. आपल्याकडे याच महिन्यांत डेंग्यू आणि मलेरियाही असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर जिल्ह्यात आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले होते. गवतातल्या, झुडपातल्या बारीक किड्याच्या चावण्याने तो होतो आणि चावलेल्या जागी कधी कधी काळी खपली दिसते. गवत कापणाऱ्या, निंदायला जाणाऱ्या बायांनी हे लक्षात ठेवा. जोराचा ताप आहे पण नाक वाहत नाही, खोकला नाही, किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर रक्त तपासल्याशिवाय राहू नका. डेंग्यूची शंका असेल तर अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉलच.

सहावा प्रश्न. "मग घाबरायचं कधी?"

मैत्रिणींनो, आता नीट ऐका. २०१५ च्या सुरुवातीला नागपूर भागात स्वाईन फ्लूने बरेच जीव गेले. तो विषाणू २००९ मध्ये नवा होता, आता तो हंगामी फ्लूतलाच एक झाला आहे. बहुतेक माणसं त्यातून घरीच बरी होतात. पण काहींना तो छातीत उतरतो, आणि तिथे एक-एक दिवस मोलाचा असतो.

मोठ्या माणसाला धाप लागणं, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त, ओठ किंवा नखं निळसर होणं, गुंगी येणं, बरळणं, किंवा ताप उतरून पुन्हा जोरात चढणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. लेकराने दूध-पाणी सोडलं, सुस्त पडलं, झटका आला, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडतो, तर त्याच क्षणी. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल, तर तो न्युमोनिया असू शकतो. तिथे पोटावर चटके, बिब्बा, छातीला तेल, काही करत बसू नका. १०८ ला फोन लावा.

गरोदर बाई, पाच वर्षांखालचं लेकरू, ६५ च्या वरचे म्हातारे, आणि शुगर, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेली माणसं. यांनी खुणांची वाट पाहायची नाही. जोराचा ताप आणि खोकला दिसला की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे जायचं. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचं औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त चांगलं काम करतं. ते डॉक्टरांनीच ठरवून द्यायचं असतं. साध्या सर्दीला ते लागत नाही.

फ्लूची लसही असते. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दर वर्षी घ्यावी लागते. साध्या सर्दीवर लस नाही. गरोदर बायांनी आणि शुगर-दम्याच्या माणसांनी आपल्या एएनएमताईला या लसीबद्दल नक्की विचारावं.

खर्चाची भीती असेल तर हे सांगा घरात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.

शेवटचा प्रश्न कोणी विचारला नाही, आम्हीच विचारतो. घरात सगळ्यांना आराम सांगणाऱ्या बाईला आराम कोण सांगतो?

१९१८ साली फ्लूची मोठी साथ आली होती. मुंबई बंदरातून शिरली आणि देशभर पसरली. आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांत होता. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा बाया जास्त दगावल्या. अभ्यासकांनी त्याची कारणं सांगितली आहेत. आजाऱ्याची सेवा बाई करायची आणि पोटभर जेवायची मात्र नाही. शंभर वर्षं झाली, पण अजूनही आमच्या बैठकीत बाई तापाने फणफणलेली असते आणि म्हणते, "कापूस वेचून घेते, मग पाहतो." वेचणीच्या दिवसात मजुरी बुडते, हे आम्हालाही कळतं. पण तीन दिवस पडून राहिली तर तीन दिवसांची मजुरी जाते, आणि छाती भरली तर महिन्याची जाते.

म्हणून आम्ही आमच्या गटांत काही गोष्टी ठरवल्या आहेत. पटल्या तर तुम्हीही ठरवा. ताप असलेल्या सदस्याला गैरहजेरीचा दंड नाही, बचत शेजारणीच्या हाती पाठवायची. ज्या घरात बाई अंथरुणात आहे, तिथे दोन दिवस आळीपाळीने भाकर-भाजी पोचवायची. साध्या सर्दीच्या सुई-सलाईनसाठी कर्ज मागितलं तर आधी आशाताईला सोबत घेऊन घरी जायचं. आणि धाप लागली, लेकराच्या फासळ्या ओढल्या जात आहेत, गरोदर बाईला जोराचा ताप आहे, तर बैठकीची वाट न बघता अध्यक्ष आणि सचिवांनी त्याच दिवशी गाडीभाड्याचे पैसे काढून द्यायचे. ठराव रजिस्टरमध्ये नंतर लिहिता येतो.

उमेदच्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते आपण सगळ्या पाठ म्हणतो. ते पाळायचं कसं, तर एवढंच लक्षात ठेवा. सर्दीवर पैसा घालवू नका, आणि धाप लागली तर वेळ घालवू नका.

तुमच्या गटातले आणखी प्रश्न आशाताईच्या हाती किंवा ग्रामसंघाच्या बैठकीत आमच्याकडे पाठवा. काळजी घ्या, घरच्यांची घेता तशी स्वतःचीही घ्या. नमस्कार.