मळ्यात तयार घर बसवताना



मळ्यात राखणीसाठी, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला थांबण्यासाठी किंवा सालगड्याच्या कुटुंबासाठी एखादी पक्की खोली हवी असते. विटा-वाळू बांधापर्यंत नेणं अवघड, गवंडी वेळेवर मिळत नाही. म्हणून काही शेतकरी कारखान्यात तयार झालेलं लोखंडी सांगाड्याचं घर घेतात. ते ट्रकवर येतं, क्रेननं उतरतं आणि दिवसभरात जागेवर बसतं. पण बसायला एक दिवस लागला, तरी त्याआधीची तयारी आपल्यालाच करावी लागते. ती नीट झाली नाही तर चांगलं घरही वाया जातं.

पहिलं काम परवानगीचं. घर तयार मिळतं म्हणून परवानगी लागत नाही, असं समजू नका. ग्रामपंचायत आणि महसूल कार्यालयात आधी विचारा, मगच इसार द्या.

मागणी देताना सगळं लेखी घ्या. सांगाडा कोणत्या जाडीचा, पत्रा किती गेजचा, भिंतीचं पॅनेल किती जाड, वाहतूक, क्रेन, जोतं आणि वायरिंग कोणाच्या खर्चानं, हे कोटेशनमध्ये यायला हवं. माप बाहेरचं की आतलं तेही विचारा. बाहेरून २० फूट बाय १० फूट म्हणजे २०० चौरस फूट. पण भिंत २ इंच जाड असेल तर आत १९० चौरस फूटच जागा मिळते. सगळे पैसे एकदम देऊ नका. सांगाडा उभा राहिला, की पॅनेल लावण्याआधी स्वतः जाऊन जोड पाहा. एकदा पॅनेल लागलं की आतलं काही दिसत नाही.

नुसत्या एकेरी पत्र्याचं घर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं. म्हणून दोन पत्र्यांमध्ये फोम किंवा रॉकवूल भरलेलं पॅनेल घ्यावं. फोम उष्णता चांगली अडवतो, पण पेटला तर विषारी धूर होतो. रॉकवूल जळत नाही. काही असलं तरी चूल आत मांडू नका; स्वयंपाकासाठी बाहेर वेगळा आडोसा करा.

आता जोत्याकडे वळू. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर नुसतं टेकवलं तर एक कोपरा खचतो, सांगाडा पिळतो आणि दारं अडकू लागतात. काळी माती काढून मुरमापर्यंत जा. थरावर थर मुरूम टाका, पाणी मारा, धुमसानं ठोका. काळ्या मातीचा थर फार खोल असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्या. जोतं पुराच्या पाण्याच्या वर ठेवा आणि लेव्हल पाइपनं चारही कोपरे तपासा.

या घराचा एक गुण सांगतो. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती माणसांच्या अंगावर आल्या. हलक्या घराला तो धोका कमी. पण हलक्या घराचा वैरी म्हणजे वारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं रायगड जिल्ह्यात कितीतरी घरांचे पत्रे उडवले. उघड्या माळावरही वळवाचा वारा काही कमी नसतो. म्हणून कारखान्याकडून पायाचा नकाशा आधी मागवा आणि त्याप्रमाणे काँक्रीटमध्ये बोल्ट बसवा. घर या बोल्टांना आवळलेलं पाहिजे.

घर आणायचं ते पावसाळ्यापूर्वी. ओल्या काळ्या रानात ट्रक आणि क्रेन दोन्ही रुततात. पाणंद किती रुंद आहे, वळणावर गाडी वळेल का, हे आधी मोजून ठेवा. वर विजेच्या तारा असतील तर तिथं क्रेन लावूच नका. जागा बदला, नाहीतर महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री करा. तारेला क्रेनचा नुसता स्पर्श झाला तरी जीव जातो.

घर लोखंडी आहे, त्यामुळे एक वायर सोलली तर साऱ्या भिंतीत करंट उतरू शकतो. स्वतंत्र अर्थिंग आणि करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालत जा.

शेवटी, घर ताब्यात घेताना छपरावर आणि जोडांवर वीसेक मिनिटं पाण्याचा पाइप धरा. दारं-खिडक्या उघडून-मिटून पाहा. थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायची, हे करारातच लिहून घ्या.

ध्यानात ठेवा :
१. परवानगी आधी, इसार नंतर.
२. मुरमाचं, ठोकलेलं, समपातळीतलं जोतं.
३. बोल्टांनी आवळलेला पाया.
४. तारांखाली क्रेन नाही.
५. अर्थिंगशिवाय दिवा नाही.

एवढं सांभाळलंत, तर मळ्यातल्या माणसाला पावसापाण्यात निर्धास्त झोप लागेल.