दिरंगाईविरुद्ध दाद

निकालाविरुद्ध अपील करता येते. पण दावा वर्षानुवर्षे तारखांवरच पडून राहिला आणि निकालच झाला नाही, तर पक्षकाराने कोठे जावे? राज्यघटनेच्या कलम २२७ अन्वये कनिष्ठ न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार उच्च न्यायालयास आहे. सुनावणी त्वरेने व्हावी, अशी विनंती तेथे करता येते. अर्जासोबत रोजनाम्याची प्रमाणित प्रत जोडावी. तहकुबी कोणी मागितली, हे त्यात तारीखवार दिसते. आणि स्वतःच वारंवार तहकुबी घेणाऱ्याची तक्रार तेथेच लंगडी पडते!

मात्र, हा राजमार्ग नव्हे. निकालासाठी मुदत बांधून देणे अपवादात्मक परिस्थितीतच उचित ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी स्पष्ट केले. हे योग्यच झाले. ज्याला वरच्या न्यायालयाचा खर्च झेपतो, त्याचाच दावा पुढे सरकला, तर रांगेत मुकाट्याने उभ्या असलेल्या गरिबाने काय करावे?

त्याच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे पक्षकार यांना उत्पन्नाची अट न लावता, उच्च न्यायालयातही, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.