छडी गेली, पुढे काय?

पाचोड हे पैठण तालुक्यातील गाव. म्हणजे एकनाथांच्याच मुलखातले. अंगावर वारंवार थुंकणाऱ्या मनुष्यावर नाथ रागावले नाहीत. प्रत्येक वेळी गोदावरीत स्नान करून आले, आणि अखेर तोच पश्चात्तापाने त्यांच्या पायांवर लोटला, अशी आख्यायिका आहे.

परंतु शाळेतील लेकरांकडून नाथांची शांती अपेक्षिणे अन्यायाचे होईल. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ अन्वये, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविला. छडी गेली, पण ज्याची वही फाडली गेली त्याचे दुःख तसेच राहिले, तर काम अर्धेच झाले.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अपराधी बालक, त्याचे कुटुंब व ज्याचे नुकसान झाले तो, यांना एकत्र बसविण्याची प्रथा घातली. महाराष्ट्रात २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगाव समेटाची वाट दाखविली. शाळेत हे कार्य एका शिक्षकाने अंगावर घ्यावे. प्रथम दोघांचे वेगवेगळे ऐकावे. दुखावलेल्याची संमती असेल तरच त्यांना समोरासमोर बसवावे. भरपाई ठरवावी, आणि पंधरवड्याने ती पुरी झाली की नाही हे पाहावे.

बळेच मागविलेली क्षमा हे छडीचेच दुसरे रूप होय. नाथांच्या पायांवर तो मनुष्य कोणाच्या हुकमाने लोटला नव्हता.