बिल कुणाच्या नावावर?

आज मी सारा बर्क या कॅनडाच्या स्कीपटूबद्दल बोलणार आहे. बर्फाच्या घळीसारख्या उतारावर, 'सुपरपाइप'मध्ये, उंच उड्या घेण्याचा तिचा खेळ. मोठ्या स्पर्धांत मुलींना जागा नव्हती, ती तिने भांडून मिळवली. ऑलिंपिकमध्येही हा खेळ यावा म्हणून ती झगडली. २०११ साली मंजुरी मिळाली. २०१४चं ते ऑलिंपिक पाहायला ती उरली नाही.

१० जानेवारी २०१२ला अमेरिकेत, युटामधल्या पार्क सिटीला सराव करताना ती पडली. मानेतली रक्तवाहिनी फाटली, हृदय बंद पडलं. १९ जानेवारीला ती गेली. वय २९.

त्या नऊ दिवसांचं बिल लाखो डॉलरांच्या घरात जाणार होतं. मायदेशी असती तर सरकारी विम्यातून उपचार झाले असते. अमेरिकेतला एवढा खर्च तो विमा उचलत नाही. क्रीडा संघटनेचा विमा होता, पण सराव पुरस्कर्त्या कंपनीचा, संघटनेचा नव्हे. म्हणून तोही लागू नाही. शेवटी लोकांनी वर्गणी काढली. तीन लाखांहून अधिक डॉलर जमले.

लोकांची माया मोठीच. पण वर्गणी म्हणजे हक्क नव्हे. जाहिरातीत ती सगळ्यांची होती. पडली त्या दिवशी कुणाच्याच कागदात बसली नाही. म्हणून बाई जोखमीच्या कामाला निघण्याआधीच विचारू या: ती पडली, तर बिल कुणाच्या नावावर?