जुन्नर ते नाणेघाट, सायकलवरून



शाळेत सायकल गरज होती, आता हौस म्हणून काढू या. जुन्नर ते नाणेघाट, तीसेक किलोमीटर. मोटारीतून हा रस्ता नुसता संपतो. सायकलवर चावंडचा कातळ बराच वेळ सोबत करतो, रानात हिरडा भेटतो. (हिरड्यावर इथल्या आदिवासींची मिळकत आहे, फांद्या ओढायच्या नाहीत.) पूरला कुकडेश्वराचं प्राचीन मंदिर, तिथे डबा खाऊ. पुढे चढावर उतरून ढकलायला लाज कसली?

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. कल्याण, सोपाऱ्याचा माल याच वाटेने चढे. लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, दोन हजार वर्षांचा. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आकड्यांत कोरलाय. आपल्या आकड्यांची ती फार जुनी रूपं. गणितात काठावर पास झालेल्यांनी जरूर पाहावीत. भिंतीला हात मात्र लावायचा नाही.

पावसाळ्यात तिथे मोटारींची रांग असते, म्हणून डिसेंबर. आपल्या तुकडीतले तिघे आज नाहीत, दोघांचे गुडघे बदललेत. पुढच्या वर्षावर ढकलू नका. नावं लिहायला वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे.