माणगंगेच्या काठाने : पुढच्या सहलीसाठी एक प्रस्ताव
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पुढची सहल कुठे, यावर सकाळपासून गोवा आणि महाबळेश्वर ही दोनच नावं ऐकू येताहेत. मी तिसरं सुचवतो : म्हसवड. सातारा जिल्ह्यातलं, माणगंगेकाठचं छोटं गाव. हसू नका, आधी ऐका.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा माणदेश. नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच जास्त. म्हसवडला सिद्धनाथाचं जुनं देऊळ आहे. मार्गशीर्षात तिथे रथयात्रा भरते. जवळच ब्रिटिश काळात बांधलेला राजेवाडीचा तलाव. दहिवडीच्या वाटेवर गोंदवलेकर महाराजांचं गोंदवलं लागतं. शिखर शिंगणापूरला शंभू महादेव. डोंगरावर यात्रेकरूंना पाणी मिळावं म्हणून मालोजीराजांनी तिथे तलाव बांधला. चैत्रात भाविक पाण्याच्या कावडी घेऊन मुंगी घाटाचा उभा कडा चढतात. ज्या मुलखात पाणी दुर्मीळ, तिथे देवाला पाणीच वाहतात!

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकरही याच मातीतले. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. आणि म्हसवडमध्येच १९९७ साली गावातल्या बायकांनी स्वतःची माणदेशी महिला बँक उभी केली. बाईंनी आपल्याला सहकार शिकवला होता, तो तिथे चालताना दिसेल.

आता खरं कारण सांगतो. आपल्या वर्गात कोपरखैरणे-घणसोलीहून येणारी किती मुलं होती, आठवा. त्यांतल्या अनेकांचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी. गाव विचारलं की माण, खटाव. पावसाने पाठ फिरवली म्हणून ती माणसं इकडे आली आणि पाठीवर पोती वाहून त्यांनी मुलांना शिकवलं. मे महिन्यात ही मुलं ‘गावाला’ जायची, ते गाव आपण उरलेल्यांनी कधी पाहिलंच नाही. आपल्या नळाला मोरब्याचं पाणी येतं. तिथे टँकरची वाट बघत दिवस काढलेली माणसं आहेत. त्या पिढीतले काही आज आपल्यात नाहीत. जे आहेत, त्यांना सोबत घेऊन जाऊ. गाव दाखवायला त्यांच्याहून चांगला वाटाड्या कुठला?

पुणे-फलटणमार्गे पहाटे निघालो तर दुपारी पोहोचू. दोन मुक्काम पुरेत. डिसेंबरात हवा छान असते; शिंगणापूरला पायऱ्या आहेत, तेव्हा सरांनी आणि बाईंनी सावकाश यावं, आम्ही हात धरू. बाजरीची भाकरी, ठेचा आणि मटकीची उसळ यांची सोय होईल.

नावं जेवणाआधी द्या. गोवा कुठे पळून जात नाही!